अर्पणपत्रिकेचा पत्ता



आमच्या गुरुजींच्या नावानं कराडला चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायला मिळावं, ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. गुरुजी वर्गात धडा सुरू करण्याआधी पुस्तकाचं पहिलं पान वाचून दाखवायचे. पुस्तक कुणी छापलं, किती साली छापलं, कुणाला अर्पण केलं. आज मी त्यांच्याच पद्धतीनं जाणार आहे. एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर थांबणार आहे.

ते पुस्तक म्हणजे जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’. साल १८७३. मजकूर मराठीत, जोतीराव आणि धोंडिबा यांच्या सवाल-जवाबांचा. आणि अर्पणपत्रिका कुणाला? अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना. त्यांनी जे केलं ते पाहून माझ्या देशबांधवांनीही आपल्या शूद्र भावंडांना दास्यातून सोडवावं, असा त्या ओळींचा आशय आहे. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला.

जोतीराव अमेरिकेला कधी गेले नव्हते. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, जन्म ३ जानेवारी १८३१. त्याच्या दोनच दिवस आधी, १ जानेवारी १८३१ला, बोस्टन शहरात विल्यम लॉइड गॅरिसननं ‘लिबरेटर’ या साप्ताहिकाचा पहिला अंक काढला. गुलामगिरी ताबडतोब आणि पूर्णपणे बंद झाली पाहिजे, हे त्या पत्राचं एकच म्हणणं. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून मला काही सिद्ध करायचं नाही. पण या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की नायगाव आणि बोस्टन एकाच काळात होती, हे तरी आपल्या लक्षात राहतं.

जोतीरावांना अमेरिकेतल्या चळवळीत आपलं काय दिसलं? नुसती दया किंवा परोपकार नव्हे. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हा कायद्यानं गुन्हा होता. फ्रेडरिक डग्लस हा गुलाम म्हणून जन्मलेला माणूस चोरून अक्षरं शिकला, पळाला आणि पुढे त्या चळवळीचा सर्वांत मोठा वक्ता झाला. अक्षराला बंदी घातली की माणूस बेडीशिवायही बांधता येतो, हे जोतीरावांना शूद्रातिशूद्रांच्या स्थितीवरून आधीच ठाऊक होतं. शिवाय अमेरिका त्यांच्यासाठी अगदीच परकी नव्हती. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस फरार यांची नगरची मुलींची शाळा त्यांनी पाहिली होती. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तिच्यामागे ती पाहणी होती.

आता जरा वाकडी वाट घेतो, कारण ती आपल्या शिवारातून जाते.

गुलामगिरीच्या प्रश्नावर अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस थांबला आणि लँकशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळवलं. दख्खनमध्ये कापसाचे भाव चढले. सावकार हात सैल करून कर्ज देऊ लागले, शेतकरी घेऊ लागला. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज मात्र जागच्या जागी राहिलं. त्यातच सरकारनं जमीन महसूल वाढवला. मे १८७५मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरं जाळली. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं आणि सप्टेंबरमध्ये आपल्याकडे शिराळ्याच्या डोंगरकपारीत, कोकरूडपर्यंत पोचलं. तिथंही कर्जखतं जळाली. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी.

म्हणजे ज्या युद्धानं अमेरिकेतले सुमारे ४० लाख लोक गुलामीतून सुटले, त्याच युद्धाच्या भावफरकात आमची रयत गहाण पडली. जोतीरावांना हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही. १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुणब्याच्या कर्जाचा आणि दारिद्र्याचा जो हिशेब आहे, तो वाचताना मला हे सारखं जाणवतं. सुधारणेचा विचार आणि बाजारभाव एकाच समुद्रावरून येतात. त्यातला फक्त विचार घेऊन भाव नाकारता येत नाही, म्हणून चळवळ करणाऱ्याला शेताचा हिशेबही यावा लागतो.

आणखी एक गोष्ट. डिसेंबर १८६५मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीनं अमेरिकेत गुलामगिरी रद्द झाली. जोतीरावांनी अर्पणपत्रिका लिहिली तेव्हा दक्षिणेत कृष्णवर्णीय माणसं मतदान करत होती, निवडून येत होती. पण १८७७ साली केंद्र सरकारनं दक्षिणेवरचा हात काढून घेतला आणि मग जे झालं ते आपल्याला चांगलं कळेल. जमीन पूर्वीच्या मालकांकडेच राहिली होती. मुक्त झालेला माणूस वाट्यानं जमीन करू लागला, बी-बियाणं दुकानदाराकडून उधारीवर घेऊ लागला, पीक निघायच्या आधीच ते गहाण पडू लागलं. मत गेलं, गाडीतली जागा वेगळी झाली, पाण्याचा नळ वेगळा झाला.

मग त्या महान चळवळीतलं टिकलं काय? माझं उत्तर आहे, शाळा. मुक्तीनंतर लगेच, पडक्या चर्चमध्ये, कोठारांत, झाडाखाली हजारो शाळा उघडल्या होत्या. आजोबा आणि नातू एकाच बाकावर बसून मुळाक्षरं गिरवत. १८७०मध्ये कृष्णवर्णीय प्रौढांपैकी शंभरातल्या सुमारे ८० जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं. १९१०पर्यंत तो आकडा ३०च्या आसपास आला, तोही दडपशाहीच्या काळात. अलाबामातल्या टस्कीगी इथं १८८१ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी शाळा सुरू केली तेव्हा इमारत नव्हती. पोरांनी स्वतः विटा पाडल्या, भट्ट्या लावल्या आणि आपल्या वर्गाच्या भिंती आपणच उभारल्या. भट्ट्या पहिल्यांदा फसल्या होत्या. पुन्हा लावल्या.

विटांची ही गोष्ट सातारकरांना ऐकलेली वाटेल, आणि वाटायलाच हवी. पण तिच्याआधी साताऱ्यातल्याच एका शाळेची गोष्ट.

७ नोव्हेंबर १९००ला सातारच्या सरकारी शाळेत एका सुभेदाराच्या मुलाचं नाव दाखल झालं. भिवा रामजी आंबेडकर. पुढे हाच मुलगा १९१३ साली न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला. साताऱ्यात मात्र त्याला बसायला गोणपाट घरून न्यावं लागे आणि पाणी वरून ओतलं तरच प्यायला मिळे. हे अमेरिकेतलं नाही, आपल्या गावातलं आहे.

१९१९च्या ४ ऑक्टोबरला, इथून जवळच असलेल्या काले गावात, भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. भाऊरावांचा जन्म कुंभोजचा, घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं, घर जैन आणि संस्कार सत्यशोधकी. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहाला १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी, सगळी पोरं एका छपराखाली. पाणी भरणं, लाकडं फोडणं, भाकरी थापणं, सगळं पोरांनीच करायचं. गावोगाव बायकांनी दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते शिक्षणासाठी द्यायचं, त्याला मुष्टिफंड म्हणत. साताऱ्यातलं शिक्षण त्या मुठींवर उभं राहिलं.

लक्ष्मीबाईंबद्दल थोडं सावकाश बोलतो. भाऊरावांच्या पत्नी. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या. सुरुवातीला ही सगळ्या जातींची पोरं आपल्या चुलीपर्यंत येणार, हे त्यांना जड गेलं असणार, आणि जाणारच. पण त्यांनी ते ओलांडलं. पोरांच्या तोंडात घास पडावा म्हणून अंगावरचे दागिने एकेक करून दिले, आणि एकदा घरात दाणा उरला नाही तेव्हा मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या. भाऊरावांची भाषणं आपल्याला पाठ असतात. मला मात्र राहून राहून त्या बाईचा विचार येतो. ज्या दिवशी तिनं पहिल्यांदा महारवाड्यातल्या पोराच्या ताटात हातानं भाकरी वाढली असेल, त्या दिवशी तिच्या मनात काय झालं असेल? सत्यशोधक चळवळीचा सगळ्यात अवघड भाग त्या चुलीपाशी पार पडला.

माझे आजोबा त्या बोर्डिंगात होते. वाळवा तालुक्यातून चालत आणि मिळेल त्या गाडीनं आलेला बारा-तेरा वर्षांचा पोर. ते सांगायचे, पहिल्याच सकाळी त्यांची पाणी भरायची पाळी लागली आणि जोडीला दिला महारवाड्यातला मुलगा. आड खोल. एकट्यानं पोहरा ओढवेना. दोघांनी मिळून दोर धरला. आजोबांना घरी सांगितलेलं होतं, शिवू नकोस. आणि इथं तर एकाच दोरावर चार हात, दोर ओला, हातावर हात घसरतोय. “पोहरा वर येईस्तोवर आमचं निम्मं धरम गेलं,” असं ते म्हणायचे, “आनी पानी पिताना उरलेलं.” ते दोघं शेवटपर्यंत मित्र राहिले. एकमेकांच्या घरच्या कार्यात दोघांनीही पंगतीला वाढलं.

शाळेइतकाच मोठा दुसरा बदल झाला लग्नात. २५ डिसेंबर १८७३ला पुण्यात भटजीशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. वधूवरांनी एकमेकांना मराठीत शब्द द्यायचा, खर्च बेताचा. आपल्या भागात ही रीत सत्यशोधक जलशांबरोबर गावोगाव पोचली. जलसा म्हणजे तमाशाचाच बाज. गण आणि बतावणी तीच, पण बतावणीत सावकार, कुलकर्णी आणि भटजीच्या दक्षिणेचा हिशेब. १९१९ ते १९२१ या काळात सातारा जिल्ह्यात त्या वातावरणातून कुळांनी खंड कमी करा म्हणत जमिनी करायचं नाकारलं.

पुढे १९४३ ते १९४६ क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार आलं. नाना येडेमच्छिंद्रचे, तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत उतरलेले, सत्यशोधकी वळणाचे. प्रतिसरकार म्हटलं की आपल्याला शेणोलीची रेल्वे आणि धुळ्याचा खजिना आठवतो, तुफान सेना आठवते, पायाला पत्री ठोकण्याच्या गोष्टी आठवतात. पण त्याच लोकांनी गावात न्यायदान मंडळं चालवली, दारू बंद केली, सावकाराची गहाणखतं सोडवली आणि गांधी विवाह लावले.

माझ्या आजीचं लग्न तसलंच. १९४५, कुंडलजवळचं एक खेडं. सुताचे दोन हार, गूळ आणि एक भाषण. वाजंत्री नाही, हुंडा नाही, मानपान नाही. तिचे वडील मांडवात खाली मान घालून उभे होते, कारण लेकीचं लग्न इतकं उघडंबोडकं लागलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सावकाराकडून एक रुपयाही काढावा लागला नाही, हे त्यांना महिन्याभरानं उमगलं. आजीनं तो सुताचा हार ट्रंकेत जपून ठेवला होता. पिवळा पडला होता. आम्ही मुलं मागायचो, ती हात लावू द्यायची नाही.

इथवर अभिमानानं सांगता येतं. आता जे सांगतो ते सांगताना जीभ जड होते, पण गुरुजींच्या नावाच्या व्यासपीठावर ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही.

३० जानेवारी १९४८ला गांधीजींचा खून झाला आणि सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात गावोगाव ब्राह्मणांची घरं जळाली. आमच्याकडे त्याला जळीतच म्हणतात. माणदेशातल्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्याच दिवसांची आहे. ज्यांनी खून केला नव्हता, ज्यांतल्या कित्येकांनी गावाला शिकवलं होतं, त्यांना पोरंबाळं घेऊन रातोरात निघावं लागलं. जे पेटवायला गेले, त्यांच्यातल्या काहींच्या तोंडी फुल्यांचं नाव होतं. माझं मत स्पष्ट आहे. जोतीरावांनी भिक्षुकशाहीवर कडक शब्दांत हल्ला केला, पण त्यांच्या शाळांना आणि कामाला ब्राह्मण मित्रांची साथ होती आणि ती त्यांनी नाकारली नाही. चळवळीनं जिथं शाळा, बोर्डिंग, मुष्टिफंड, बिनखर्चाचं लग्न अशी माणसानं माणसाबरोबर जगायची व्यवस्था उभी केली, तिथं ती आजही उभी आहे. जिथं तिनं फक्त शत्रूचं नाव शिकवलं, तिथं एका आठवड्यात राख झाली. त्या राखेत कूळकायद्याचा एक शब्दही जन्मला नाही, एकही पोर शाळेत गेलं नाही.

आता त्या अर्पणपत्रिकेकडे परत येऊ. चिठ्ठी लिहिली १८७३ला, पत्ता अमेरिकेचा. अर्पणाच्या ओळी आणि प्रस्तावना इंग्रजीतही होती, पण पुस्तक मराठी. ज्यांना ते नजर केलं, त्यांना ते वाचता येणार नव्हतं. मग ते पोचलं कधी?

भाऊरावांच्या बोर्डिंगात शिकलेला एक मुलगा पुढे बॅरिस्टर झाला, रयतमध्ये परतला, शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. पी. जी. पाटील. त्यांनी ‘गुलामगिरी’ इंग्रजीत नेली. महाराष्ट्र शासनानं ते भाषांतर १९९१ साली छापलं. फुल्यांच्या विचारातून निघालेल्या संस्थेनं वाढवलेल्या पोरानं फुल्यांचं पुस्तक त्याच्या मूळ पत्त्याच्या भाषेत घातलं. या एका गोष्टीसाठी मला आजचं हे व्याख्यान द्यावंसं वाटलं.

आणि पत्त्यावरून एक माणूस उलट इकडे आलं. मिनियापोलिसमध्ये १९४१ साली जन्मलेल्या गेल ऑम्वेट बर्कलीच्या विद्यापीठातून सत्तरच्या सुमारास महाराष्ट्रात संशोधनाला आल्या. विषय, पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ, १८७३ ते १९३०. ज्या जलशांना, ज्या कुळांच्या असहकाराला आपल्या विद्यापीठांनी फारसं विचारलं नव्हतं, त्यांची कागदपत्रं त्यांनी शोधली, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांशी मराठीत बोलल्या. १९७६ साली पुस्तक आलं. पुढे त्या इथंच स्थायिक झाल्या. वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या पाटणकरांच्या घरात त्या सून म्हणून आल्या. सासूबाई इंदूताई प्रतिसरकारच्या काळातल्या कार्यकर्त्या. १९८३ साली गेलताईंनी भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २५ ऑगस्ट २०२१ला कासेगावातच त्यांचं निधन झालं. ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांना साडी, खांद्याला पिशवी आणि अमेरिकन वळणाचं मराठी आठवेल. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना स्वतःच्या नावावर रेशनकार्ड मिळालं पाहिजे, ही मागणी घेऊन सांगली जिल्ह्यातल्या बायका उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्यात गेलताई आणि इंदूताई दोघी होत्या.

त्याच सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी ऐंशीच्या दशकात स्वतः बंधारा घातला. कंत्राटदार नदीतली वाळू उपसून नेत होते. गावकऱ्यांनी ती वाळू आपली म्हटली, थोडी विकली आणि त्या पैशावर बंधारा उभारला. नाव ठेवलं बळीराजा स्मृती धरण. बळीराजा म्हणजे जोतीरावांचा बळी, रयतेचा राजा. त्या बंधाऱ्यावर पाण्याचा वाटा जमिनीच्या हिशेबानं नाही, घराच्या हिशेबानं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात हक्क. हेच तत्त्व पुढे आटपाडीच्या पाणी परिषदांत नागनाथअण्णा नायकवडी, गेलताईंचे पती भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. अमेरिकेत गुलामी गेली आणि जमीन मालकाकडे राहिली, म्हणून मुक्ती अर्धी राहिली, असं मघाशी म्हणालो. येरळेच्या वाळवंटात त्या अर्ध्या राहिलेल्या प्रश्नाला हात घातला गेला, असं मी मानतो.

अमेरिकेतही जातीचा शब्द आता नुसता भारताबद्दल बोलताना येत नाही. २०२० साली इझाबेल विल्करसन यांनी आपल्या देशातल्या वर्णभेदाला जात हेच नाव देऊन पुस्तक लिहिलं. फेब्रुवारी २०२३मध्ये सिएटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं केलेलं तसं विधेयक तिथल्या गव्हर्नरनी परत पाठवलं. आपली पोरं तिकडे नोकरीला गेली तेव्हा बॅगेतून जातही घेऊन गेली, हे त्या कायद्यांमागचं कडू सत्य आहे. जोतीरावांनी तुलना केली होती ती आपल्या लोकांनी अमेरिकेकडून शिकावं म्हणून. दीडशे वर्षांनी अमेरिकेला आपली जात ओळखायला शिकावं लागतंय.

शेवटी माझ्या घरातली एक गोष्ट.

ज्या आजीचं लग्न सुताच्या हारात लागलं, जिचा नवरा बोर्डिंगात एका दोरानं पाणी ओढून वाढला, तिच्या परड्यातल्या भिंतीला एक कोनाडा होता. त्यात एक कपबशी असायची. कानाला टवका गेलेली, निळ्या फुलांची. मांगवाड्यातून कासरे आणि दावी वळून आणणारे एक म्हातारे गृहस्थ यायचे, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. ते कोनाड्यातली कपबशी घ्यायचे, आजी वरून चहा ओतायची, ते प्यायचे, धुऊन परत तिथंच ठेवायचे. आजोबा ओसरीवर बसून हे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. आजोबांचं ते न बोलणं मला कधी कळलं नाही, आजही कळत नाही.

माझी आई रयतच्या शाळेत शिकलेली. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी, एका सकाळी तिनं ती कपबशी कोनाड्यातून आणली, राखेनं घासली आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर बाकीच्या कपांच्या रांगेत ठेवली. आजी चुलीपाशी होती. तिनं पाहिलं, मान वळवली. दुपारी नाना दावी घेऊन आले. आईनं सगळ्यांचा चहा एकाच ताटातून बाहेर आणला. नानांच्या हातात कोरा पांढरा कप आला आणि निळ्या फुलांचा, टवका गेलेला आजीपुढे. आजीनं तो थोडा वेळ दोन्ही हातांत धरला. मग बशीत ओतून घेतला, फुंकर मारली आणि प्यायली.